घागर नंबराला

शहाऐंशीच्या दुष्काळात नळदुर्गच्या हायवेवर बलभीमच्या ढाब्यात व्हिडिओ गेमचं मशीन आलं आणि खेळायला रस्त्यापर्यंत रांग लागली. तिकडून जाणाऱ्या भिमाबाईनं रांग दिसताच, कसली ते न विचारता, आपली रिकामी घागर शेवटी लावली.

तासाभरानं तिचा नंबर आला.

"मावशी, हितं पाणी न्हाय, विमानं पाडायचा खेळ हाय," बलभीम हसत म्हणाला.

"आसंना! उन्हात हुबी ऱ्हायले, नंबर सोडत नसती म्या." भिमाबाईनं पदर खोचला. बलभीमनं तिला एक डाव फुकट दिला.

दुसऱ्या दिवशी ढाब्यापुढं अकरा घागरी ओळीनं मांडलेल्या बघून तो हादरला. "बायांनो, हितं पाणी मिळत न्हाय!"

 

"ठावं हाय," सगळ्यात पुढं उभी असलेली भिमाबाई म्हणाली. "पाणी कवाच भरलं, ह्या निस्त्या नंबराला ठिवल्यात."