विमानांच्या बोटीची पाकिटं

“पाकिटं नाय मिळायची,” येसूबाई म्हणाली. “दुसरं काय हवं ते मागा.”

ओटीवर बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या लेकीच्या, मैनेच्या लग्नाची बोलणी इथवर कशी सुरळीत चालली होती. मुलगा निर्व्यसनी. घरात सासू नाही. म्हणजे मैनेला सुख, आणि येसूबाईला भांडायला तोडीची विहीण नाही, एवढीच काय ती उणीव. मानपानावरून तिनं मुलाच्या बापाला, पालीच्या आप्पांना, आधीच दोन शब्द सुनावून घेतले होते. आप्पांनी ते हसत ऐकले आणि म्हणाले, “मला लुगडं नको, भांडं नको. तुमच्या धाकूच्या पत्रांची पाकिटं तेवढी द्या.”

धाकू म्हणजे येसूबाईचा थोरला. इंग्रजांच्या लढाऊ बोटीवर भटारखान्यात कामाला. बोट साधी नव्हे. पाठ खळ्यासारखी सपाट. तिच्यावरून विमानं उडायची आणि फिरून तिच्यावरच येऊन बसायची. अशा बोटीवर लेक असलेली आई अख्ख्या मांडवीत एकच, आणि येसूबाई ते कुणाला विसरू देत नसे.

आप्पा मुंबईच्या गोदीत कारकून. टपालाचे शिक्के जमवायचा त्यांना भारी नाद. मैनेनं कौतुकानं धाकूच्या पाकिटांचा डबा पुढे केला मात्र, त्यांनी कोटाच्या खिशातून भिंग काढलं, चिमटा काढला, आणि चिमट्यानं एकेक पाकीट उचलून डोळ्याशी धरलं.

“सून बघायला आलात की काटा काढायला?” येसूबाईनं विचारलं होतं.

आप्पांना ते ऐकूच गेलं नाही. “हे बघा, लढाईच्या आधीचं. शिक्क्यात बोटीचं नाव गोल फिरवून लिहिलंय. आणि हे परवा दिवाळीतलं. नाव गायब! शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. विहीणबाई, अशी जोडी सगळ्या मुंबईत कुणाकडे नसेल हो!”

मध्यस्थ गंगाराम आता घायकुतीला आला. “अगो येसूवयनी, रिकामी पाकिटं ती! आतली पत्रं ठेव की तुझ्याकडं.”

“पत्रं कुठली आणू? ती मी चुलीत घालते.”

आप्पांच्या हातातला चिमटा थांबला. “पत्र जाळता? आणि पाकीट जपता?”

“मैना एकदा वाचून दाखवते. मग काय त्याचं लोणचं घालू?”

गंगारामानं कपाळाला हात लावला. ही बाई जन्मभर साऱ्या गावाच्या उलट चालली, हे त्याला ठाऊक होतं. पण पोरीचं लग्न मोडेपर्यंत? दाराआड मैनेच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“आजवर मी कुणापाशी काही मागितलं नाही,” आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. आता ते उठणार, हे सगळ्यांना दिसलं.

येसूबाईलाही दिसलं. तिनं पाकिटं गोळा करून डब्यात घातली आणि डबा मांडीवर घेतला. सकाळभरात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

“धाकूला अक्षर येत नाय. पत्र लिहितो बोटीवरला कारकून, साऱ्या पोरांच्या आयांना एकच. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी.’ मग ते गोरा साहेब वाचतो. त्याच्यात माझ्या पोराचं काय हाय? वाचून झालं की पाकीट तेवढं धाकू आपल्या जिभेनं चिकटवतो, असं गेल्या खेपेला घरी आला तेव्हा मला सांगून गेला. एवढंच त्याचं उष्टं माझ्यापर्यंत येतं, व्याहीबुवा. तेवढं पण देऊन टाकू?”

आप्पांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं, खिशात ठेवलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दाराकडे बघून हाक मारली.

“मैना, दादाला लिही, पुढल्या खेपेला दोन पाकिटं टाक. एक आईला, एक बहिणीच्या सासऱ्याला.” मग ते म्हणाले, “आणि सासऱ्याचं पाण्यानं चिकटव म्हणावं.”