मुरड

बाबा लग्नपत्रिकेतली नावं हाताने लिहायचे. प्रत्येक अक्षराचा शेवट वेलीसारखा वळवायचे. 'कै.' लागलेलं नाव तेवढं सरळ सोडायचे. "गेलेल्याला मुरड नाही घालायची," म्हणायचे.

ते वारल्यावर मी त्या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट केला. सरळ अक्षरं करायचा कंटाळा केला. मदन महल भागातल्या आमच्या पत्रिकांच्या दुकानात गेलेल्यांची नावंही चार वर्षं मुरडीतच छापली. कोण बघतं?

आज माझ्या लेकीची, रेवाची पत्रिका छापली. पहिली प्रत आईने देवापुढे ठेवायला उचलली.

"हेमे, नावं सरळ काहून केली गं?"

"फॉन्टात सरळ अक्षरच नाही, आई."

मी कार्ड हिसकावलं. रेवा सरळ. जावई सरळ. मी, हे, आई, मामा. खाली 'ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिमुरडी पोरं, तीही सरळ.

स्क्रीनवर मात्र सगळ्यांना मुरड होती. मी पुन्हा छापलं. तसंच आलं.

"हे एक बरोबर आहे बघ," आई म्हणाली, आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

अख्ख्या कार्डावर एकाच नावाला मुरड होती. बाबांच्या.