अंगणातल्या पेंढ्या

"अंगणात पाय ठेवाले जागा नाही. समद्या गावाची अंबाडी डोहात गेली, अन् आमची बसली भिंतीले टेकून. पाव्हण्यावानी."

रुखमाबाई पुटपुटली, पण उकंडरावाला ऐकू जाईल इतपत. तिचा नवरा दोन हातांवरच ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. परवा म्हणाला होता, कंबर धरली. काल म्हणाला, पेंढ्या पाण्यात दाबायला धड दगड सापडत नाहीत. ज्ञानगंगेच्या काठी जन्म गेला आणि याला दगड सापडत नाहीत. रुखमाबाईनं तेही गिळलं.

निमित्तं काढण्यात ती स्वतः तरी कुठं कमी होती. एकुलती लेक कोकिळा बाळंतपणाला आली, ती तिची मुलगी चार महिन्यांची झाली तरी माहेरीच. जवाई पुंजाजी दोनदा न्यायला येऊन रिकाम्या हातानं परतला. एकदा रुखमाबाईनं अमावास्या आडवी घातली, एकदा नातीचं पोट दुखवलं. गाव म्हणे, बाईले रिकाम्या घराचं भेव वाटते. रुखमाबाईनं गावाला म्हणू दिलं. ते अगदीच खोटं नव्हतं. लेक गेली की घरात दोन माणसं उरत, आणि ती दोघं वर्षभरात एकमेकांशी जेवढं बोलली होती त्याहून जास्त बैलांशी बोलली होती.

वर्ष म्हणजे मागच्या मार्गशीर्षापासूनचं.

अंबाडी गाव पूर्वीपासून भिजवत आलं होतं. घरच्या दोरापुरत्या चार पेंढ्या डोहात दाबायच्या, साल कुजली की वाख, दोर वळायचा धागा, सोडवायचा. तेवढं नदी पोटात घालायची. मग तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली, दोरा-गोण्यांना मागणी वाढली. खामगावच्या अडत्याला वाख पुरेना, आणि जो तो कपाशीच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं अंबाडी पेरू लागला. मागच्या साली डोहात सगळ्यात जास्त पेंढ्या उकंडरावाच्या. पाणी काळं झालं, त्याला वास सुटला, मासे उपडे पडले. गावानं टोपल्या भरभरून मासे नेले आणि नदीला दुवा दिला. गावाचं काय जात होतं? गावच्या विहिरी गोड्या.

कोकिळेचं सासर त्याच नदीवर तीन कोस खाली, खारपाणात. तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. ते गाव नदीचंच पितं. त्या मार्गशीर्षात तिथं हगवणीची साथ आली. तालुक्याहून माणूस आला आणि विहिरींत लाल दवा टाकून गेला, ज्यांचं पाणी कोणी पीत नव्हतं त्या विहिरींत. कोकिळेचा दीड वर्षाचा मुलगा दोन दिवसांत गेला. वाखाच्या पैशातून उकंडरावानं नातवाला चांदीचे वाळे घडवले होते. ते कनवटीला लावून तो निघणार, तोच निरोप आला.

दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. अंगानं भरलेलं लेकरू होतं. उकंडरावही तेच म्हणाला. रुखमाबाईनं मान हलवली. मनात डोह आला होता, पण सांगते कोणाला? ज्यानं स्वतःच्या हातानं दगड दाबले, त्याला? तिनं ते पाणी आत ठेवलं, आणि ते तिथंच कुजत राहिलं.

आज पुंजाजी तिसऱ्यांदा आला होता. दारात दमणी उभी होती, बैल जुंपलेले.

"मामी, आज अमावास्या नाही. पंचांग पाहून आलो," तो हसत म्हणाला.

निमित्तं सरली होती. रुखमाबाईनं लेकीची ओटी भरली. गाठोडं गेलं, पाळण्याची दोरी गेली, कुरडयांचा डबा गेला. कोकिळा बाळाला घेऊन दमणीत बसली. मग रुखमाबाई आत गेली आणि तोंडाला ओलं फडकं बांधलेली घागर घेऊन आली. ती कडब्यात नीट बसवली. पुन्हा आत गेली. दुसरी आणली. मग तिसरी.

शेजारची विमलबाई भिंतीवरून पाहत होती. "काऊन वं रुखमाबाई? नदीकाठच्या लेकीले पाणी धाडून राह्यली? लोक हसतीन."

"हसू दे," रुखमाबाई म्हणाली. "कोकिळे, लेकराले हेच पाजजो. तूही हेच पेजो. सरलं की निरोप धाडजो."

"माय, तीन कोसावरून पाणी?"

"तीन कोसावरून."

पुंजाजीचं हसू मावळलं. त्यानं घागरींकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. कोकिळेनं बाळाला पदराखाली ओढून घेतलं. विमलबाईला एकाएकी चुलीवरचं दूध आठवलं, पण ती हलली नाही.

उकंडराव ओट्यावरून उतरला. आता हा घागरी खाली काढायला लावणार, चारचौघांत बोलणार, म्हणून रुखमाबाईनं अंग चोरलं. तो दमणीपाशी आला. घागरीच्या ओल्या फडक्यावर त्यानं हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग त्यानं रुखमाबाईकडे पाहिलं. वर्षभरात असं पाहिलं नव्हतं.

तो पुढं गेला आणि त्यानं बैल सोडले.

"मामा, काऊन?" पुंजाजी म्हणाला.

"डोह निवळू द्या. तवा न्या." उकंडरावानं भिंतीला टेकलेल्या पेंढ्यांकडे हात केला. "माही कंबर नव्हती धरली."

बैल मोकळे होऊन कोरड्या अंबाडीला तोंड लावू लागले.

"पाव्हणे," उकंडराव म्हणाला, "तुमच्या पोराले दृष्ट नव्हती लागली. माह्या अंबाडीनं मारलं त्याले."