सुजलेला गुडघा

"घट्ट आहे. हाडं बांधणारं लिगामेंट शाबूत," संघाचे डॉक्टर माझी नडगी पुढे ओढून म्हणाले. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"डॉक्टर, तो सुजेनं आखडलाय. काल पकडीत आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकलाय. सूज उतरल्यावर बघा."

"उद्या कबड्डीची फायनल, आणि हिची सूज उतरायची वाट बघू?" प्रशिक्षक सर खेकसले. "नाटकं बंद कर, भवाने. पट्टी बांध आणि चढाईला जा."

फायनलला मी गेले. दुसऱ्याच चढाईत वळताना गुडघा आतल्या आत सटकला आणि मला उचलून बाहेर आणलं. संघ जिंकला.

सूज उतरल्यावर त्याच डॉक्टरांनी तीच नडगी ओढली. ती टेबलाच्या ड्रॉवरसारखी सरकन पुढे आली.

"तुटलंय," डॉक्टर माझ्याकडे न बघता पुटपुटले. "तेव्हा सुजेमुळे कळलं नाही."

सर मात्र चषक घेऊन आले होते. "हा धर छातीशी. पेपरात फोटो द्यायचाय. जरा हस की!"

मी चषक खाली जमिनीवर ठेवला आणि पाय पुढे केला.

"डॉक्टर, पुन्हा ओढा. सर, फोटो ह्याचा काढा."