रोज दुपारी सर

तान्ही लेक डोळ्याला डोळा लागू देत नव्हती, आणि इंग्रजी साहित्याचं एम.ए. या वर्षी राहिलं तर राहिलंच, हे तिच्या आईला पक्कं ठाऊक होतं. तरी चाचणीत ती पहिली आली.

"शिका जरा हिच्याकडून," सर भर वर्गात म्हणाले. "पदरात लेकरू, तरी माझी व्याख्यानं रेकॉर्ड करून रोज दुपारी घरी लावते." तिने मान खाली घातली.

घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई पाळण्याची दोरी ओढून मेटाकुटीला आलेल्या. "बरी आलीस. लाव बाई तुझ्या त्या सरांना. माझ्या अंगाईला ही बया मुळीच दाद देत नाही."


सरांची प्रस्तावना संपायच्या आतच लेक गाढ झोपली. मग तिने सरांना बंद केलं आणि पुस्तक उघडलं.