खिडकी इकडेही होती

भुसावळचे सरदारजी. पगडी साडेपाच मीटर लांब असते. दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं.

खामगावचे शेठजी. कांदा खात नाहीत. भेटल्यावर: जय जिनेंद्र.

बडनेऱ्याचे बशीरचाचा. गाद्या भरतात. कानात अत्तराचा कापूस. भेटल्यावर: सलाम.

वर्ध्याचे मास्तर. घरी काय शिजतं: सांगितलं नाही. आमचं नाव विचारलं, आडनावही विचारलं. मग पलीकडे बसायला गेले. त्यांना खिडकी पाहिजे होती.

शेवटची ओळ: कोरी.

वही नीलाची. इयत्ता चौथी, खापरखेडा. भुसावळला काकाकडे जाणार म्हटल्यावर शाळेतल्या अरुंधतीबाईंनी तिला रकाने आखून दिले होते. प्रवासात भेटलेली माणसं लिहायची आणि शेवटच्या ओळीत आपलं घर. जाताना तीन पानं भरली. आता येताना पॅसेंजर गाडी बुटीबोरी सोडून अजनीच्या अलीकडे सिग्नलला उभी होती, आणि पाऊण तास झाला तरी हलायचं नाव नव्हतं.

तिच्या बापाने, देवरावने, डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं होतं. उद्या सकाळी वीजकेंद्राच्या बॉयलरवर पाळी. गजाचं ऊन कपाळात शिरत होतं, पण मान उचलायचाही कंटाळा आला होता.

समोर सिंधूताई होत्या. नागपूरच्या महाल भागातल्या, पोराकडून परत चाललेल्या. वर्ध्याला चढल्यापासून त्यांनी नीलाशी गट्टी केली होती. मांडीवर पितळी डबा, डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या. पहिली वडी त्यांनी नीलाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतः मिटवली.

"गरम नाही राहिली आता. पण खा. आणि मला लिहिलंस का वहीत?"

"लिवलं. महाल, सांबारवडी, नमस्कार."

"हुशार आहे हो पोरगी," त्या देवरावला म्हणाल्या. वही हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "ही शेवटची ओळ रिकामी काहून ठेवली गं?"

"ते आमचं घर आहे."

"मग लिही की. आपल्या घरचंच कोरं ठेवतात का? तुमच्याकडे भेटल्यावर काय म्हणतात?"

नीलाने तोंड उघडलं. त्याआधीच देवराव बोलला. डोळे मिटूनच.

"रामराम म्हणतो जी आमी."

नीला बापाकडे बघत राहिली.

"बाबा, पण आपन त..."

"लिव वं. रामराम."

तिने लिहिलं. पेन्सिल नेहमीपेक्षा सावकाश चालली. सिंधूताईंनी खूश होऊन दुसरी वडी दिली, पुन्हा बोटं मिटवून. "आमच्या यांचे वडीलही रामरामच म्हणायचे," त्या म्हणाल्या. देवरावने मान हलवली. बरं झालं, त्याच्या मनात आलं. आता स्टेशन येईपर्यंत कोणी काही विचारणार नाही. एवढंच पाहिजे होतं त्याला. पाऊण तास, फार तर एक.

नीलाने पानं मागे उलटली. एका ओळीवर बोट ठेवून थांबली.

"बाबा."

"हं."

"मंग त्या मास्तरलेबी पहिलेच रामराम म्हटलं असतं, त ते गेले नसते ना?"



"खिडकी इकडंबी होती," नीला म्हणाली. "तुमच्याच बाजूची जागा खाली होती."

गाडी उभीच होती. पलीकडच्या बाकावर कोणीतरी घोरत होतं. देवरावने डोळे उघडले. पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेबाचं उत्तर ताडून पाहावं तशी ती विचारत होती.

त्याने हात पुढे केला. "आण इकडं."

वही गुडघ्यावर घेतली. खोडरबर नव्हतं. त्याने रामरामवर आडवी रेघ मारली आणि शेजारी, बॉयलरच्या नोंदवहीत लिहायचा तशा मोठ्या, एकेक सुट्या अक्षरात लिहिलं. मग सिंधूताईंकडे बघून म्हणाला, "रामराम नाही जी. आमच्याकडं जय भीम म्हणतात."

"असू दे, असू दे," सिंधूताई म्हणाल्या. "मी कुठं काही म्हटलं?"

त्यांनी खरंच काही म्हटलं नव्हतं. डबाही बंद केला नाही. उलट तिसरी वडी काढून त्या नीलाकडे झुकल्या. "घे ना गं. संपवायच्याच आहेत."

नीलाने तळहात पुढे केला.

सिंधूताईंचा हात त्या तळहातापासून वीतभर वर येऊन थांबला. आणि बोटं सुटली. हात असा काही थांबेल हे त्यांनाही ठाऊक नसावं. त्या स्वतःच त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तो त्यांनी पदराला पुसला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

वडी नीलाने बरोबर झेलली. खाल्ली नाही. ती कधी वडीकडे बघे, कधी वर, जिथून ती पडली त्या जागेकडे.

सिग्नल पडला. डब्याला हिसका बसला.

नीलाने वही परत मांडीवर ओढली, पेन्सिल जिभेला लावली आणि रकाने एकेक करून वाचले. नाव. गाव. घरी काय शिजतं. भेटल्यावर काय म्हणतात.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे कोनत्या रकान्यात लिवू?"

देवरावने पुन्हा डोकं गजाला टेकवलं. बाहेर अजनीच्या शेड यायला लागल्या होत्या.

एकोणीसशे छप्पनच्या दसऱ्याला एकोणीस वर्षांचा देवराव काटोलजवळच्या आपल्या गावाहून नागपूरला दीक्षा घ्यायला दोन दिवस पायी चालत आला होता.