चांदणीचं तुटकं टोक

घर सोडून गेलेल्या दादाचं वर्षअखेरीचं कार्ड यंदाही पोस्टानं आलं. आत छापील अक्षरांत दोनच शब्द : ‘बरा आहे.’ वर चिकटवलेल्या चंदेरी चमकीच्या चांदणीचं एक टोक मात्र तुटकं होतं. मी भिंग आणलं. मीही हातानं कार्डं करते. चांदण्या कापायचा माझा डाय, म्हणजे धातूचा साचा, एकदा हातातून पडला, तेव्हापासून त्यातून निघणाऱ्या प्रत्येक चांदणीचं नेमकं तेच टोक तुटतं.

बाबांना गॅलरीत गाठलं. “खरं सांगा, दादाच्या नावानं कार्डं तुम्हीच पाठवता ना?”

बाबांचा चेहरा उतरला. “म्हणजे... तू नाही पाठवत?”

तेवढ्यात आई ताट घेऊन आली. तिच्या नखांत चंदेरी चमकी होती.

“अहो, आलं ना पोराचं कार्ड? आता तरी दोन घास खा.”